वायफायची हजेरी

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले दोन महिने लिहिणं झालं नाही, कारण लिहायला बसलं की नेट जायचं. लिहिणं राहिलं त्याचं एवढं काही नाही हो, पण त्या पायी अक्काचं आणि माझं बोलणं राहत होतं. ते सगळं प्रकरण नुकतंच मिटलं. कसं मिटलं ते सांगते. थोडं तांत्रिक आहे, पण मी बी. ए. मराठी! मला समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच.

तर झालं असं. आमचा जुना संगणक दिवाळीच्या आधी कायमचा बंद पडला. मुलगा दिवाळीला आला तो नवा लॅपटॉप घेऊनच. पातळ, हलका, पाटीएवढा. जुन्या संगणकाला नेटच्या डब्यातून, म्हणजे राउटरमधून, एक जाड वायर यायची. या नव्याला ती वायर खोचायला भोकच नाही! "आई, आता वायरचा जमाना गेला," मुलगा म्हणाला. त्याने वायफाय जोडून दिलं, चालवून दाखवलं आणि भाऊबीज करून गेला.

आता अक्काबद्दल. माझी थोरली बहीण, वय ८३, बडोद्याला मुलाकडे असते. तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय. यंत्र लावूनही फोनवरचं बोलणं तिला कळत नाही, नुसता गलका ऐकू येतो म्हणते. पण समोरच्याचे ओठ वाचते. त्यामुळे दर रविवारी अकरा वाजता तिची सून तिच्यापुढे टॅब उभा करून देते आणि मी इकडे सातार्‍यात संगणकापुढे बसते. श्रुतलेखन घालावं तसं मी सावकाश, तोंड नीट उघडून बोलते. नावं आणि आकडे मात्र ओठांवरून कळत नाहीत, ते मी पाटीवर लिहून दाखवते. (पहिल्यांदा माझ्या पडद्यावर ती अक्षरं उलटी दिसली तेव्हा घाबरलेच होते, पण तिकडे तिला सुलटीच दिसतात.) असा आमचा चार वर्षांचा रिवाज. सातारा ते बडोदे हा प्रवास आता आम्हा दोघींनाही झेपत नाही. भेट म्हणजे हीच.

नव्या लॅपटॉपवरच्या पहिल्याच रविवारी दहा-बारा मिनिटं झाली आणि अक्काचा चेहरा थिजला. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. मग पडदा काळा. दोन-तीन मिनिटांनी आपोआप सगळं सुरू झालं, पुन्हा गेलं. पुढच्या रविवारी तेच. एरवीही, दिवसातून तीन-चार वेळा.

चौथ्या रविवारनंतर भाचेसुनेचा फोन आला. जरा चाचरतच म्हणाली, "मावशी, रागावू नका हं. पण आई विचारत होत्या, छबू मध्येच उठून का जाते? माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो का तिला?"

माझ्या पोटात अगदी कालवलं. माझा चेहरा तिच्या पडद्यावर थिजत होता, मग नाहीसा होत होता. नेट गेलं हे तिला सांगणार कोण? तिच्या दृष्टीने मी बोलता बोलता गप्प होत होते आणि निघून जात होते.

मग मी कंबर कसली. नेटच्या कंपनीला फोन केला. "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." केला. "आता?" आता चालू आहे. "थँक्यू मॅडम." तासाभराने पुन्हा तेच. मग त्यांचा मुलगा घरी आला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजला आणि म्हणाला, "काकू, लाइन एकदम ओके आहे. प्रॉब्लेम लॅपटॉपचा." लॅपटॉप दुकानात नेला. तिथे त्यांनी दोन तास टेबलावर लावून ठेवला, एकदाही नेट गेलं नाही! "तुमच्या घरचं नेट बघून घ्या. नाहीतर विंडोज पुन्हा टाकून देतो, सगळं पुसलं जाईल." मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले. शेवटी मुलाला फोन केला. तो कामात होता. म्हणाला, "आई, तू काहीतरी दाबलं असशील गं."

या वाक्याचं मला जितकं लागलं तितकं त्या टोलवाटोलवीचंही लागलं नाही. काहीतरी म्हणजे काय? आणि दाबलं असशील म्हणजे? वय झालं की प्रत्येक बिघाडाचं कारण आपणच असतो, हे एकदा ठरून गेलेलं असतं. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की दाबलं असेल बाई काहीतरी.

त्या रात्री एक दोनशे पानी वही काढली आणि रकाने आखले. तारीख. वेळ. कोणत्या खोलीत. वायफायच्या रेघा किती. त्याच वेळी मोबाइलवर नेट चालू होतं का. किती मिनिटांनी परत आलं. तेहतीस वर्षं हजेरीपट आखले, त्याची सवय कुठे जाते!

माझी नात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला फोनवर वहीचं सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "आजी, बेस्ट. पण आधी एवढं शोधू या की तुटतं कुठे. लॅपटॉप ते राउटर, की राउटर ते बाहेरचं जग?" तिने मला एक काळी खिडकी उघडायला लावली आणि 'पिंग' नावाची गोष्ट शिकवली.

पिंग म्हणजे हजेरीच हो. लॅपटॉप दर सेकंदाला राउटरचा नंबर पुकारतो आणि राउटर म्हणतो, "हजर!" उत्तर यायला किती वेळ लागला तेही समोर छापून येतं. घरातल्या घरात ते दोन-चार मिलिसेकंदांत यायला हवं, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत. उत्तरच आलं नाही तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे गैरहजर. नातीने अशा दोन खिडक्या लावायला सांगितल्या. एक राउटरची हजेरी घेणारी, दुसरी बाहेरच्या एका पत्त्याची. बाहेरचा गैरहजर आणि राउटर हजर असेल तर दोष कंपनीच्या लाइनचा. राउटरच गैरहजर असेल तर दोष घरातला.

दुसर्‍याच दिवशी उत्तर मिळालं. नेट गेलं की दोन्ही खिडक्या एकदम गप्प व्हायच्या. राउटरसुद्धा ओ देत नव्हता आणि त्याच क्षणी मोबाइल मात्र व्यवस्थित चालू असायचा. म्हणजे लाइन ठीक, राउटर ठीक. घोटाळा लॅपटॉपात, किंवा लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधल्या हवेत. कंपनीच्या त्या मुलाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आठवड्यात वहीत २३ नोंदी झाल्या. १४ मागच्या खोलीतल्या, ९ पुढच्या. पुन्हा पुन्हा वाचल्या, काही सूत्र लागेना. मागे जातं म्हणावं तर पुढेही जातं. लांब बसलं की जातं म्हणावं तर राउटरपासून पाच हातांवरही जातं. रेघा कमी असताना जातं आणि पूर्ण असतानाही जातं.

मग एका दुपारी लक्षात आलं. पेपर तपासताना कधी कधी एकाच उत्तरपत्रिकेत दोन हस्ताक्षरं दिसतात. निम्मा पेपर एकाने लिहिलेला, निम्मा दुसर्‍याने. तोवर आपण विचार करत बसतो की हा मुलगा इकडे इतका बरोबर आणि तिकडे इतका चूक कसा! इथेही दोन हस्ताक्षरं होती. मागच्या खोलीत नेट आजारी माणसासारखं जायचं. आधी पिंगची उत्तरं तीनशे, आठशे मिलिसेकंदांनी यायची, मग तुटायचं. पुढच्या खोलीत मात्र सगळं उत्तम चाललेलं असताना फट्‌कन जायचं आणि मिनिटभरात यायचं. म्हणजे बिघाड एक नव्हताच, दोन होते. आणि मी दोघांसाठी एकच कारण शोधत बसले होते.

आधी मागची खोली हाती घेतली. अक्काशी मी तिथेच बसून बोलते, कारण पुढे टीव्ही असतो. तिथल्या बर्‍याचशा नोंदींची वेळ अकरा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. अकरा-दहाला आमच्या घरात काय होतं? तर आमचे हे सकाळचा उरलेला चहा मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात! आणि मायक्रोवेव्ह मागच्या खोलीच्या भिंतीला लागूनच आहे. मी कपभर पाणी आत ठेवून एक मिनिट लावलं आणि धावत येऊन काळी खिडकी पाहिली. हजेरीचा पार बोजवारा. मायक्रोवेव्ह थांबला की पुन्हा सुरळीत.

नातीने समजावलं ते असं. आपला राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ती भिंतींतून त्यातल्या त्यात बरी जाते. ५ ची लहर त्याच्या निम्म्याहून कमी. ती वेगवान, पण भिंतींत लवकर दमते. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर अन्न तापवतो, आणि दारातून थोडीशी जरी लहर निसटली तरी शेजारच्या नाजूक वायफायला ती भारी पडते. शिवाय २.४ च्या पट्टीत एकमेकांवर न चढणार्‍या जागा तीनच, १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत मी यादी उघडून मोजली तर शेजार्‍यापाजार्‍यांची चौदा वायफाय दिसली. (एकाचं नाव 'पासवर्ड मागू नये'.) तीन बाकांवर चौदा पोरं बसवली तर वर्गात काय होतं, हे मला कोणी सांगायला नको. मागच्या खोलीत ५ ची लहर पोचत नव्हती, म्हणून लॅपटॉप मुकाट्याने २.४ च्या गर्दीत जाऊन बसत होता. दोन्ही पट्ट्यांना नाव एकच, त्यामुळे मला ते कळतही नव्हतं.

आणि ५ ची लहर पोचत का नव्हती? राउटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून मीच तो शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे कोंबला होता, आणि भिंतीच्या पलीकडे आमचं लोखंडी कपाट! जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात अशाच अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. भिंतीतून लहर जाते हे खरं. पण लोखंडाच्या पत्र्यापुढे तिचं काही चालत नाही.

कंपनीच्या त्याच मुलाला पुन्हा बोलावलं. त्याने राउटर मधल्या बोळात, डोक्याच्या वर, मोकळ्या जागी लावून दिला. दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावंही दिली आणि लॅपटॉप ५ वर जोडला. चहा पाजून पाठवला त्याला. पुढच्या आठवड्यात मागच्या खोलीतल्या नोंदी १४ वरून शून्यावर आल्या.

पण पुढच्या खोलीत नेट जातच होतं. आमचे हे म्हणाले, "काय उपयोग झाला एवढ्या खटाटोपाचा? जातंय ते जातंयच." वही नसती तर मीही तेच म्हटलं असतं आणि राउटर पुन्हा शोकेसमध्ये गेला असता. वही सांगत होती की निम्म्याहून जास्त दुखणं गेलंय, उरलंय ते दुसरं दुखणं आहे.

ते सापडलं लाइट गेली तेव्हा. त्या दिवशी सकाळपासून पुढच्या खोलीत लॅपटॉप एकदाही अडखळला नव्हता. दुपारी लाइट गेली. राउटर इन्व्हर्टरवर आहे, तो चालूच राहिला. ज्या बोर्डावर लॅपटॉपचा चार्जर होता तो मात्र इन्व्हर्टरवर नाही. दहा मिनिटांत नेट गेलं. आलं, पुन्हा गेलं. लाइट आल्यावर सगळं सुरळीत! मुलाने सांगितलं होतं, "शंभर टक्के झालं की चार्जर काढत जा." मी इमानेइतबारे काढत होते. आणि दुकानात? तिथे दोनही तास लॅपटॉप चार्जरवर होता!

वहीत सातवा रकाना आखला, 'चार्जर'. तीन दिवस पाहिलं. चार्जर लावलेला असताना नेट जाण्याची एकही नोंद नाही. काढलेला असताना सात.

नातीला सांगितलं तर ती फोनवर ओरडलीच. लॅपटॉप बॅटरीवर गेला की वीज वाचवण्यासाठी वायफायचा भाग मधूनमधून झोपवत होता. तिने सांगितलं तसं मी गेले. डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क ॲडॅप्टर्स, त्यात वायरलेसच्या नावावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे एक चौकोन होता, त्याचा अर्थ असा की वीज वाचवायला संगणकाने हे उपकरण बंद केलं तरी चालेल. त्यात बरोबरची खूण होती. ती काढली. (काही लॅपटॉपवर हा भाग दिसतच नाही म्हणे, तिथे पॉवरच्या इतर सेटिंगमध्ये शोधावं लागतं.) लॅपटॉप स्वतःसुद्धा आपल्या वायफायचा मागल्या तीन दिवसांचा अहवाल काढून देतो. ते प्रगतिपुस्तक नातीने माझ्याकडून काढून घेतलं आणि माझ्या वहीशी ताडून पाहिलं. वेळा जुळल्या!

मुलाला मी एवढंच कळवलं की ती खूण पहिल्यापासून होती, मी दाबलेलं काही नव्हतं. त्याने दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं.

पण मंडळी, त्या सातव्या रकान्याने मला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका खेड्यातल्या शाळेत होते. सातवीतला एक मुलगा दर मंगळवारी गैरहजर असायचा. बुधवारी मी त्याला वर्गाबाहेर उभा करायची. तो काही बोलायचा नाही. सहामाहीनंतर कधीतरी कळलं की मंगळवार हा तिथला बाजाराचा दिवस. आई भाजी विकायला बसायची आणि हा घरी तान्ह्या बहिणीला सांभाळायचा. हजेरीपटात हजर आणि गैरहजर एवढंच होतं. का, याला रकानाच नव्हता. पण विचारायला रकाना कशाला लागतो? मी अर्धं वर्ष विचारलं नाही. उडाणटप्पू आहे, हे माझं ठरलेलं होतं.

मला "काहीतरी दाबलं असशील" म्हटलेलं इतकं का लागलं, ते मला आठवणीपाशी येऊन कळलं. आणि अक्काचंही तेच झालं होतं ना! तिच्याकडेही दोनच रकाने होते, छबू आहे आणि छबू नाही.

गेल्या रविवारी अकराला बसले. बोलायच्या आधी पाटी दाखवली. त्यावर लिहून ठेवलं होतं, 'मी उठून जात नव्हते. नेट जात होतं.'

अक्काने ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं? मी म्हटलं, बहिरीशी बोलायचं म्हणजे घसा दुखतो. किती दिवस बोलेल बिचारी."

मला पुढचं काही मिनिटं नीट बोलता आलं नाही. ओठ वाचणार्‍या माणसासमोर आवंढा लपवता येत नाही. अक्काच म्हणाली, "आता का गप्प? नेट गेलं का?" आणि दोघी हसलो.

आम्ही एक नियम ठरवला आहे. माझा चेहरा थिजला तर तिने घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. तेवढ्यात मी सुनेच्या फोनवर निरोप धाडीन. अजून तरी त्याची गरज पडलेली नाही. त्या दिवशी आम्ही ५२ मिनिटं बोललो. त्यातली वीस तिळाच्या वड्या का मोडतात यावर.

आमच्या ह्यांना मी सांगितलं आहे, लॅपटॉप आता ५ वर आहे, तुमच्या मायक्रोवेव्हचा त्याला त्रास नाही. तरी रविवारी अकरा-दहाला ते चहा गॅसवरच गरम करतात. म्हणतात, "असू दे. अक्कांचं बोलणं व्हायला पाहिजे."

वही अजून निम्मी कोरी आहे. ठेवून दिली आहे.